डाव्याला गुडघा, उजव्याला खांदा

दि. ९ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान धरतो. लिहायला बसलो की कागद चुरगळून टाकत होतो. आपलं शिक्षण तुला ठाऊकच आहे, शाळेपेक्षा गॅरेजच्या दारात जास्त दिवस गेले. अक्षराला हसू नकोस. तुझ्या यजमानांच्या पायाचं प्लास्टर निघालं का? त्याविषयी पुढे लिहितो.

इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, पण चाललंय. मुलाने नवी गाडी घेतली. "बाबा, कशी वाटली?" म्हणाला. मी म्हटलं, "भिजलेल्या साबणाची वडी." तो रुसला. पण तूच सांग, हल्लीच्या दहा गाड्या ओळीने उभ्या कर आणि नावं झाक, बनवणाऱ्यालाही आपली कुठली ते सांगता येणार नाही. आपल्या जुन्या गाडीकडे, म्हातारीकडे बघ. गोल डोळे, पुढच्या जाळीचे दात, मडगार्डची ती कंबर. ती वळणं कुणीतरी उभं राहून, खांद्यापासून हात फिरवून काढली असणार. नुसत्या बोटांनी तशी रेघ येत नाही. या साबणात पंखा कमी करायचा तरी टीव्हीसारख्या पडद्यावर बोट घासत बसा, तोवर पुढचा ट्रक छातीवर.

आणि आवाज म्हणून नाही. चालू आहे की बंद, काही कळत नाही. परवा ती दारात चालूच राहिली आणि मी घरात येऊन जेवायला बसलो.

शर्यतींचंही तेच. टीव्हीवर लावतो मी. पूर्वी गाड्या वळणावर आल्या की पोटात धडधडायचं. आता डास गेल्यासारख्या जातात. चालवणाऱ्याला अक्कल वापरायची मुभा नाही, टायर कधी बदलायचा आणि पुढच्याला कधी गाठायचं हे बाहेर खुर्चीत बसलेले सांगणार. मी जरा आवाज वाढवला तर सूनबाई धावत आली, काहीतरी पुटपुटली आणि रिमोट घेऊन गेली. ही पोर पूर्वी स्पष्ट बोलायची. हल्ली घरात सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

टेकडीवरची जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत महिनाअखेरीला आहे. म्हणून म्हातारीचे दोन्ही कार्बोरेटर जुळवायला घेतले. माझी पद्धत तुला माहीत आहे. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं माझ्या कानाला, आणि दोन्हींची फुसफुस सारखी झाली की काम फत्ते. या वेळी नळीत काहीच नाही. वाटलं, चोंदली. नवी आणली, तीही चोंदलेली. दुकानदाराशी कडाडून भांडलो, माल बघून ठेवता येत नाही का म्हणून. त्याने नळीचं एक टोक स्वतःच्या कानाला लावलं, दुसऱ्यात फुंकर मारली, माझ्याकडे बघत राहिला आणि पैसे परत दिले. एक शब्द बोलला नाही. निदान मला तसं वाटलं.

मग अंदाजाने स्क्रू फिरवले आणि मुलाला शेजारी बसवून टेकडीच्या रस्त्याला गेलो. वळणं त्याने सांगायची. त्याने डावं सांगितलं म्हणे. मी सरळ गेलो आणि गवताच्या भाऱ्यांत जाऊन थांबलो. म्हातारीला ओरखडा नाही, एक दिवा तेवढा हलला. मुलगा पांढराफटक. "बाबा, मी केव्हाचा ओरडतोय." हे मात्र ऐकू आलं, कारण कानाला तोंड लावून म्हणाला.

तेव्हापासून चावी त्याच्या खिशात. शेजारी दुसरं माणूस असल्याशिवाय चढाईत घेत नाहीत, आणि तो आता बसणार नाही. एका हॉटेलवाल्याला म्हातारी हवी आहे, दरवाज्यात शोभेला. मुलगा म्हणतो, तिथे तिची निगा तरी राहील. जिच्या इंजिनात तेल नाही ती गाडी कसली, फुलदाणी ती.

आता पायाचं. तुझा फोन आला तेव्हा मला एक अक्षर कळलं नव्हतं. हल्ली मी फोनवर मध्येमध्ये "छान, छान" म्हणतो, शेवटी "असंच चालू दे" म्हणतो आणि ठेवून देतो. बहुतेक वेळा निभावतं. नवरा शिडीवरून पडला, पाय मोडला, असं तू रडत सांगत होतीस आणि मी "छान, असंच चालू दे" म्हणालो, हे तुझ्या घरून कळल्यावर सूनबाईने पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा समजलं. तू पुन्हा फोन केला नाहीस. केला असतास तरी मी काय ऐकणार होतो?

चिमे, मला ऐकू येत नाही. यंत्र लावून पाहिलं. त्यात ताटं-वाट्या ऐकू येतात, माणसं नाही. याच वाक्यापाशी मी दरवेळी कागद चुरगळत होतो.

आता ऐक. आपण चढाईला जायचो तेव्हा त्या इंजिनच्या गडगडाटात तुझं ओरडणं मला कधी ऐकू आलं? तेव्हा युक्ती तूच काढलीस. डाव्याला गुडघ्यावर चापट, उजव्याला खांद्यावर, ब्रेकला बाही ओढायची. पंच म्हणायचे, "ही पोरगी भावाला मारतेय की काय." गाडीत आपण दोघेही बहिरेच होतो आणि एकदाही गवतात गेलो नाही.

मुलाला हे सांगितलं. म्हणाला, "आत्या बसली तर चावी देतो. पण ती तुमच्याशी बोलत नाही." मी म्हटलं, बोलायचं कशाला, गाडीत आम्ही कधी बोललोच नाही.

हॉटेलवाला पुढच्या आठवड्यात येतोय. त्याआधी कळव. आलीस की पहिल्यांदा नळी तुझ्या कानाला लावू, मी स्क्रू फिरवतो. यजमानांनाही आण. टेकडीखाली सावलीत खुर्ची टाकून देतो. हव्या तेवढ्या शिव्या घाला म्हणावं, त्यांच्या फुकटच जातील. फोन करू नकोस, चिठ्ठी लिही. येणार नसशील, राग गेला नसेल, तर तसं लिही. पण लवकर लिही.

गुडघा आणि खांदा तयार ठेवून बसलेला,
तुझा दादा