इने आजींची लेकरं

५ ऑगस्ट
पोचले एकदाची! बस घाटात अशी हिंदकळत होती की पोटातलं सगळं बाहेर यायचं तेवढं बाकी होतं. पण इने आजींनी दारातच जवाचा गार चहा पुढे केला, "या हिसाएबाई" म्हणाल्या, आणि सगळा शीण गेला. मला त्यांच्या देखभालीला ठेवताना त्यांच्या पुतण्यानं, अत्सुओनं, बजावलं होतं की म्हातारी तिरसट आहे, सांभाळून घ्या. कसली तिरसट! नव्वदीला टेकल्यात, तोंडात दात नाही, जीभ मात्र शाबूत. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बघते तर पुढे तीन कुत्र्यांचे फोटो, गोन्ता, मामे आणि युकी, आणि त्यांच्यामागे दडलेला नवरा. मला हसू आलं. "तो जन्मभर घोरला, मागेच बरा," म्हणाल्या. इतकी वर्षं कारखान्याच्या भटारखान्यात बोलणी खाल्ल्यावर असं घर मिळालं, नशीबच म्हणायचं.

८ ऑगस्ट
कुत्री जाऊन जमाना झाला, पण त्यांचे भाताचे वाडगे रोज ओसरीवर, वर सुक्या मासळीचा चुरा. ते आता मी ठेवायचे, आजींचा जुना अॅप्रन बांधून आणि त्यांच्यासारखी टक् टक् जीभ वाजवून. जमेना, तर टपली मारून शिकवलं. गोन्ता त्यांची चप्पल तोंडात धरून बसथांब्यापर्यंत न्यायला यायचा, हे सांगताना त्या रडल्या. मग मीही रडले. शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं की मला आई ना मूल, नवऱ्यानं घराबाहेर काढलं, मेले तरी विचारणारं कुणी नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. "मी आहे ना गं पोरी," म्हणाल्या. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

१३ ऑगस्ट
आज पितर घरी येतात. काकडीला काड्या टोचून त्यांच्यासाठी घोडा केला. कुत्र्यांना घोडा नको का, विचारलं. "त्यांना स्वतःचे चार पाय आहेत की, येडे!"
तिन्हीसांजेला दारात तागाच्या काड्या पेटवून पितरांना बोलावतात. ते घरच्या माणसानं करायचं, पण आजींनी काडेपेटी माझ्याच हातात दिली. वर सांगितलं, म्हण, मी इने, या रे बाळांनो. मी चपापले. पण म्हणाल्या, माझा आवाज आता पोचत नाही, आणि त्यांना तेवढं एकच नाव कळतं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं. धुरातून काहीतरी ओलं, गार माझ्या पोटरीला लागलं.

१४ ऑगस्ट
चटईवर नखं वाजतात. दिवसाढवळ्या! दिसत काही नाही, पण मी बसले की मांडीवर ऊब येऊन बसते. आजींकडे एकही जात नाही. जा रे त्यांच्याकडे, म्हटलं, तर आजींनी झटकन पाय पोटाशी घेतले. ज्यांच्यावर जीव टाकतात त्यांनाच भ्यायल्या? कालपासून मला पोरी म्हणत नाहीत. इनेबाई म्हणतात.
अत्सुओ मिठाई घेऊन आला. दाराआडून कानावर पडलं. कुत्र्यांनी हिला मानलं का, विचारत होता. आजी हो म्हणाल्या. सुटलो बाबा, म्हणाला, गेल्या वर्षी तर तुला ओढत फाटकापर्यंत नेलं होतं.

१५ ऑगस्ट
तोंडावर विचारलं. आजींनी लपवलंही नाही. पितरांना परत पाठवायचं ते उद्या. कुत्री दरवर्षी आजींना न्यायलाच येतात. मालकिणीशिवाय निघायला बघत नाहीत, शेवटी रडत रडत जातात. "एकटी जातात ते माझ्यानं बघवत नाही," म्हणाल्या. "आणि मला मरायचं नाही." मग शांतपणे म्हणाल्या, "तुझं कोण आहे गं मागे?"
शेंगा सोलताना मीच सांगितलं होतं. हात हातात घेतला तेव्हाच हिनं मला जोखलं. आणि मी हिला आई म्हणणार होते!
थांब्यावर गेले. बस आली, दार उघडलं — पाय उचलेना. तिघांनी स्कर्ट धरलेला. यायचं की नाही बाई, ड्रायव्हर खेकसला. गेली बस. मी ओरडून सांगितलं कुत्र्यांना, मी इने नाही, हिसाए आहे! शेपट्या पायांवर आपटतच राहिल्या. चावली असती तर परवडलं असतं —

१६ ऑगस्ट
अंगात बळ नाही. म्हातारीनं आणि पुतण्यानं मिळून नवा किमोनो चढवला. उजवी बाजू वर — मड्याला घालतात तशी —

संध्याकाळ. दारात पाठवणीच्या काड्या पेटल्यात. फाटकाशी बसून लिहितेय. तिघं ओढतायत. हळूच, लाडानं —

म्हातारी रडतेय. खरी रडतेय मेली. एकेकाला निरोप देतेय. गोन्ता, नीट जा रे. मामे, पुढे पळू नको. युकी, माझं सोनं —

आता माझं नाव घेईल. हिच्या तोंडून हिसाए निघालं तर कळेल त्यांना — सोडतील मला —
एकदाच म्हण गं —

बघितलं माझ्याकडे. तोंड उघडलं —

म्हणाली, इनेबाई, माझ्या लेकरांना सांभाळ