बाळूच्या मिशा

गुरुवार, संध्याकाळ. कॉव्हेंट्री.

मीरा, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा घालू नकोस. आजीला अक्षर येत नाही, कान मात्र शाबूत आहेत.

आज लायब्ररीत, मी तोंडी सांगून लिहवलेल्या माझ्याच पुस्तकाचं वाचन झालं. धरणात गाव गेलं, आम्ही उघड्या माळावर पहिली झोपडी घातली, तिथवर सगळं माझं. पुढं माझा धाकटा भाऊ बाळू तापातून उठतो आणि वासरामागं पळतो. उठतो? त्याच पावसाळ्यात गेला तो. नव्या जागी मसणवटासुद्धा ठरला नव्हता. बापानं त्याला ओढ्याकाठी पुरलं, मग तोच गावाचा मसणवटा झाला.

"आजी, पब्लिशरनी चेंज केलं. लहान मुलं अपसेट होतील म्हणून," मीरा म्हणाली.

"होऊ देत की. मी नव्हते का लहान?"

तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, बाळू मोठेपणी काय झाला? आणि मी, मोठी लेखिकाबाई, झटकन बोलून गेले, "बैलगाडी हाकायचा. ह्या एवढ्या मिशा!" पोरं हसली. मीही हसले.

तेव्हापासून डोळे मिटले की मिशावालाच येतो. ते चार वर्षांचं तोंड येतच नाही. त्याला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मग आता तो आहे कुठं?

मीरा विचारतेय, "खरा कसा दिसायचा गं? सांग, लिहून ठेवते."

जन्मभर बडबडले. आता लिही, मिशा नव्हत्या. बाकी काही आठवेना.