दोन काळे चष्मे

प्रिय मासोळी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझे बाबा रोज सकाळी मला ‘उठलात का, घुबडराणी?’ असं विचारतात, म्हणजे त्यांची तब्येत उत्तमच आहे. घाबरले आहे ती फक्त मी, आणि फोनवर तू मला धड घाबरूही देत नाहीस. विषय निघाला की ‘आई, सरावाला सर बोलावतायत’ म्हणून मोकळी होतेस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा प्राचीन मार्ग.

बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहायचं तुझं ठरलं, तेव्हा सोबतच्या होडीत बसायला तू परस्पर माझं नाव देऊन टाकलंस. ‘पाण्यात मी कोणाचं ऐकणार नाही. तू बाहेर ये म्हणालीस तरच येईन.’ आयुष्यात प्रथमच तू माझं ऐकायचं कबूल केलंस, तेही भर समुद्रात! होडीत बसणाऱ्याला पोहता आलं पाहिजे, असा तुमचा नियम. म्हणून बादलीपलीकडे पाण्याशी ओळख नसलेली ही संस्कृतची बाई पन्नाशीनंतर तलावात उतरली. पहिले काही दिवस मी कठडा असा धरला होता की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तो कुठे पळून जात नाही, सोडा.’ पायाखालची फरशी संपते तिथे अजूनही माझा हात कठड्याकडे जातो. पण आता मी पलीकडे जाते. शब्दरूपं म्हणत जाते. प्रथमेला सुरुवात केली की सप्तमीपर्यंत काठ येतो.

तू दोन सारखे गॉगल घेतलेस, एक तुला, एक मला. कडेला काळा मऊ स्पंज असलेले. ‘आता आपण जुळ्या,’ म्हणालीस. मी तो लावला आणि थोड्याच दिवसांत डोळ्यांभोवती खाज सुटली. मग लाल पुरळ, मग सूज. लहानपणी मला कमलनयना म्हणत. आता रक्तकमलनयना हा समास विग्रहासकट सिद्ध झाला.

वर्गात तर्क शिकवणाऱ्या बाईने काय केलं असेल? पाण्यात गेलं की पुरळ, नाही गेलं की नाही. म्हणजे दोष पाण्यातल्या औषधाचा. म्हणून पाणी आत शिरू नये यासाठी गॉगलचा पट्टा आणखी आवळला. वाढलं, तर आणखी आवळला. आणि एका सकाळी डोळे उघडलेच नाहीत. पापण्या कोणी शिवून टाकल्यासारख्या. हाताने भिंत चाचपत मोरीपर्यंत गेले. आपल्याच घरात, रोजच्या वाटेवर, मला उजवं-डावं कळत नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझा युक्तिवाद शांतपणे ऐकला आणि विचारलं, ‘काकू, पाणी तर सगळ्या अंगाला लागतं. मग पुरळ फक्त गॉगलच्या आकाराचंच कसं?’ विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्यांनी त्या स्पंजचा तुकडा पाठीवर चिकटवून ठेवला. पट्टी काढली तेव्हा खाली त्याच मापाचा लाल चौकोन उठला होता. ‘ही ॲलर्जी आता जायची नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पुन्हा लावलात तर याहून जोरात उठेल.’ मी सिलिकॉनचा गॉगल घेतला. सूज उतरली.

भीती मात्र उतरली नाही. गेल्या रविवारी आपण फोनवर एकमेकींना बघत बोललो, तेव्हा मी घरात काळा चष्मा लावून बसले होते. ‘डोळ्यांत औषध घातलंय,’ अशी थाप मारली. खरं सांगितलं असतं तर तू मला होडीतून उतरवलं असतंस. तूही काळा चष्मा लावून बसली होतीस. ‘फॅशन आहे, आई.’ मागून बाबा म्हणाले, ‘दोन गुप्तहेर बोलतायत, मी जातो.’ आपण दोघी केवढ्या हसलो! फोन ठेवला आणि मी तो स्पंजचा गॉगल पुन्हा काढून बघत बसले. खोलीत दिवा लावलेला असताना कसली फॅशन गं?

मी काही सर्वज्ञ नाही. कदाचित खरंच फॅशन असेल. पण चष्म्याखाली माझ्यासारखंच काही असेल आणि सरांनी यादीतून नाव काढून टाकू नये म्हणून तू पट्टा आवळत असशील, तर ऐक. मला त्या सकाळी धरायला भिंत होती. सोबतच्या पुडक्यात सिलिकॉनचा गॉगल आहे. आज डॉक्टरकडे जा, सरांना सांग. बाहेर ये म्हणायचा अधिकार तूच मला दिलास, आणि तो वापरायला मी होडीत बसेपर्यंत थांबणार नाही. रागाव, अबोला धर; सगळं सोसेन. फक्त या रविवारी चष्मा काढून समोर बस. मीही काढते. डोळ्यांभोवतीचे डाग अजून गेलेले नाहीत, हसू नकोस.

तुझीच,
काठावर उभी असलेली
आई