रेडिओवाले आलेत

लातूर, ५ जून १९८६

चि. पंचशीला हिस अ. उ. आ.

बाबांना जाऊन पंधरवडा झाला. मी चौथ्याच दिवशी निघून आलो ते तुला आवडलं नाही, तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण इथं टंचाईचं काम डोक्यावर आहे. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी कचेरीत माणसं अपुरी, आणि टँकर मागायला गावंच्या गावं दारात. तुझी वहिनी पहाटेपासून घरमालकांच्या हौदाशी घागर घेऊन उभी असते.

भोकरला बावीस तारखेच्या रविवारी विहारात बाबांची शोकसभा आहे. मुलगा म्हणून मलाच बोलावं लागेल. माझं लहानपण किनवटच्या वसतिगृहात गेलं, त्यांच्याजवळ तूच जास्त राहिलीस. त्यांच्या नोकरीतलं काही लिहून पाठव.

पोस्टकार्ड मात्र टाकू नकोस. टपाल आधी घरमालक विरूपाक्षअप्पांच्या हाती पडतं. बंद पाकीट पाठव आणि वर नुसतं मारोती लिंबाजी लिही, आडनाव नको. आईला तूर्त तुझ्याकडे नांदेडलाच ठेव. इथं प्यायला पाणी नाही.

मन तिकडंच आहे, हे न लिहिताही ओळखशील.
तुझा दादा
मारोती

नांदेड, १० जून १९८६

ति. दादास पंचशीलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पाकीटच पाठवतेय.

बाबा निजामाच्या काळात हैदराबादेत एका चाचांच्या दुकानात रेडिओचं काम शिकले. पुढं सरकारनं पंचायतींना रेडिओ दिले आणि ते चालू ठेवायची नोकरी बाबांना लागली. सायकलला बॅटरी बांधून उमरीपासून पार किनवटच्या जंगलातल्या गावांपर्यंत जायचे. एका गावात त्यांना चावडीची पायरी चढू देईनात. रेडिओच बाहेर लिंबाखाली आणून ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही. सांगितलं की मी लिंबाजी केरबा सोनकांबळे, रेडिओ जिथं वाजायचा तिथंच बसून मी तो नीट करीन. आणि सायकल वळवली. बरेच दिवस गाव बातम्यांवाचून राहिलं. शेवटी तिथले शेषेराव पाटील स्वतः भोकरला न्यायला आले आणि चावडीत सतरंजीवर बाबांना बसवलं.

ही गोष्ट सांगण्याआधी पुढचं वाच. आईनं मला ते काल सांगितलं.

एप्रिलमध्ये विहीर आटली तेव्हा नातवंडांत चार दिवस राहावं म्हणून बाबा तुझ्याकडे आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पोरांना खायला गोडंबीची पुडी. ओट्यावर अप्पांनी विचारलं की पाहुणे कोण. तू म्हणालास की रेडिओवाले आलेत. मग अप्पांनी आपला बंद पडलेला रेडिओ बाहेर आणला, आणि बाबा तुझ्याच दाराच्या पायरीवर बसून तो दुरुस्त करत राहिले. आत वहिनीनं पोरांना कोंडून ठेवलं होतं. काम झाल्यावर ते तसेच परत निघाले, तू स्टँडपर्यंतसुद्धा आला नाहीस.

पुडी तशीच परत आली. आईनं विचारलं की पोरं कशी हायत. बाबा म्हणाले की बोलतात छान, दाराआडून ऐकून आलो.

दादा, हे खोटं असेल तर उलट टपाली कळव. मी वाट बघून राहिलेय.

अजून तुझीच
पंचशीला

लातूर, १४ जून १९८६

चि. पंचशीला हिस अ. उ. आ.

खोटं आहे असं कसं लिहू? पण त्यात फसवणूक कुठली? बाबा रेडिओवाले नव्हते का?

तू दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतेस, तुला इथलं काय ठाऊक. नवा जिल्हा म्हणून अर्धी नोकरदार मंडळी या गावात खोली शोधत फिरत असतात, आणि मालक खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारतात. अप्पा माणूस चांगला, पण त्यांच्या बायकोचं, नीलाबाईंचं सोवळं कडक. कळलं तर त्या हौदाला हात लावू देणार नाहीत. असल्या दिवसांत लेकरं घेऊन जाऊ कुठं?

बाबांना ते कळलं होतं. मी पुढं काही बोलायच्या आत त्यांनीच पिशवी उघडली. एका शब्दानं रागावले नाहीत. इतके समजूतदार होते, तूही तशीच हो.

रविवारी येतोय. चावडीची गोष्ट छान आहे, तीच सांगेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
दादा

नांदेड, २३ जून १९८६

ति. दादास जयभीम.

काल तू चांगलं बोललास. चावडीचं सांगताना बाबांचं पूर्ण नाव तू मोठ्यानं घेतलंस. त्यातला अभिमान खरा होता, मी समोरच बसले होते. म्हणून तर जास्त लागलं. किनवटच्या तुझ्या वसतिगृहातल्या गुरम्माबाईंनी तुला पोटाशी धरलं, म्हणाल्या की पोरगं थेट बापावर गेलं. आई खाली बघत होती.

तू संध्याकाळच्या गाडीनं गेलास आणि ती बोलली. म्हणाली की आता लेकाकडं राहायचं. मी पाण्याचं सांगून बघितलं, तर म्हणे म्हातारीला लई पाणी लागत न्हाई. माझं काही चालेना. गुरुवारी सकाळच्या एस. टी.नं तिला बसवून देतेय.

ओट्यावर कुणी विचारलं तर ती सांगणार आहे की मी लिंबाजी सोनकांबळेची बायको, मारोतीची आई. हे पत्र बुधवारी तुला मिळेल. तिच्याआधी तू अप्पांना सांगावंस, असं मला वाटतं. तिनं मात्र तसं काही मागितलेलं नाही.

मी रजा काढून सोबत येते म्हटलं, तर म्हणाली की लेकाच्या घरी जायला सोबत कशाला लागती.

लोभ मागायचा रिवाज आहे, पण आज माझ्याकडेच तो उरला नाही.
पंचशीला