दाट बेस

५ नोव्हें., नेकारसुल्म, जर्मनी
सिगारेट सोडून नऊ दिवस. व्हेपचं लिक्विड घरीच मिसळायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, पीजी म्हणजे ग्लायकॉल जास्त असलेला बेस पातळ, घशाला झोंबतो, सिगारेटची आठवण येणार नाही. व्हीजी म्हणजे ग्लिसरीन जास्त असलेला दाट, मऊ, धूर भरपूर. ठरेना. दोन्ही बाटल्या आणल्या. मुग्धाचं मत: दोन्ही टाकून दे. बायकोचं बरोबरच आहे, पण असो...

७ नोव्हें.
पातळवाला मानवत नाही. घसा सोलल्यासारखा.

८ नोव्हें., शनि.
दाटवाला भरला. एकदम निवांत. दुपारी हॉलमध्ये धूर सोडला आणि आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. मुग्धा बाजारात गेलेली. वरचा फ्लॅट असेल. पण तो रिकामा आहे म्हणे, घरमालकाला फोन करून विचारलं.

११ नोव्हें.
आज पुन्हा. दोनदा लहान, एकदा लांब, मग घसा खाकरणं. बाबांचं.
बाबा मार्चमध्ये वारले, नाशिकला. इकडे कारखान्यात गाडीच्या नव्या मॉडेलचं काम ऐन रंगात होतं, गेलो नाही. दादाने शेवटच्या दिवशी बाबांशी बोलायला व्हिडिओ कॉल लावून दिला होता. मीटिंग होती म्हणून मधेच बंद केला. मुग्धाला सांगितलं, नेट गेलं.

१२ नोव्हें.
नीट तपासलं. पातळ बेस: काही नाही. दाट: खोकला. तीनदा पाहिलं, तीनही वेळा तसंच.

१५ नोव्हें., शनि.
मुग्धा घरात असताना दाटवाला ओढला. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला.
"आत कोण आहे?"
सगळं सांगितलं. कॉलचंही. तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, ती बाटली आजच्या आज जाऊ दे. हो म्हटलं. टाकवली नाही. एकदा बोलायचंय त्यांच्याशी. पण "बाबा" अशी हाक मारली की खोकला बंदच होतो.

१९ नोव्हें.
ऑफिसमधून लवकर आलो. खिडक्या बंद, हॉल पांढराफटक. मुग्धा सोफ्यावर, हातात माझं व्हेप. आयुष्यात कधी एक झुरका न घेतलेली बाई. डोळे ओले, पण चेहरा शांत. म्हणाली, तासभर बोलत होते बाबा.
काय म्हणाले, विचारलं.
"तुझ्याशी नाही बोलायचं त्यांना."
बाटली अर्धी उरलीय. मुग्धाने ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मागितली नाही मी.