पायाळूची लाथ

६ फेब्रुवारी
ह्यांची कंबर परत धरली. गोदामातून आले ते वाकडे होऊनच, आणि चहासुद्धा न घेता सतरंजीवर पालथे. म्हणे, पाय लाव.

मी पायाळू. पाय आधी घेऊन जन्मले. माझी लाथ लागली की उसण उतरते असं गावात सगळे मानतात. चौथी मुलगी, तरी आजीनं मला डोक्यावर घेतलं ते त्यामुळेच. गावात ठीक होतं. पण ह्या माणसानं इथं आखातात, हमरियात अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय! शुक्रवारची सुट्टी आली की कुणी ना कुणी पाठ घेऊन दारात. वरची कुलसुम म्हणते, कलावती, तू आता दुकानच टाक.

लावला पाय. काय करणार.

९ फेब्रुवारी
फरक नाही. आता कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरते, अंगठ्याला मुंग्या. मी म्हटलं उसण अंगठ्यापर्यंत जात नाही, दवाखान्यात चला. तर म्हणे, घरात पायाळू असताना दवाखाना कशाला? वर आणखी — तू मनापासून मारत नाहीस.

मनापासून मारली असती तर भिंतीला चिकटले असते.

१० फेब्रुवारी
भांडण.

१३ फेब्रुवारी
नेलंच ओढून. डॉक्टरीणबाई पुण्याच्या, देविका नाव. मराठीत बोलल्या, जीव भांड्यात पडला. टेबलावर प्लास्टिकचा कणा होता, तो हातात घेऊन समजावलं.

कासाराच्या दांडीवर बांगड्या ओवतात ना, तसे मणके एकावर एक. फक्त आत दांडी नाही — मेंदूतून आलेली मऊ दोरी. कमरेत तिचे धागे सुटतात आणि पायात जातात. मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच. सगळा भार त्या पाचांवर! दोन मणक्यांच्या मध्ये गादी, म्हणून वाकता येतं, हाडावर हाड घासत नाही. ह्यांची खालची गादी तांदळाची पोती उचलून बाहेर सरकलीय आणि नस दाबतेय. दुखणं कमरेत, मुंग्या अंगठ्यात, ते असं.

पायाचा अंगठा वर करा म्हणाल्या. होईना.

लगेच मशीनमध्ये कमरेचा फोटो काढा म्हणाल्या, नस अशीच दबून राहिली तर पाऊल लुळं पडेल. लघवी अडली किंवा जांघ बधिर झाली तर तसेच धावत या. मी लाथेचं सांगितलं. हे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी चोरीच उघड केली! बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता त्या कमरेला पाय लावायचा नाही."

१४ फेब्रुवारी
ऐकत नाहीत. मालकाला, ह्यांच्या अर्बाबला कळलं तर परत गावी पाठवेल, ही खरी भीती. तोंडानं मात्र, त्या बाईला पायाळूचं काय कळतंय. धावत येऊन एकदा जोरात मार, म्हणे.

मी नाही म्हटलं. दुष्ट ठरले.

संध्याकाळी जिन्यात ह्यांची चप्पल पायातून निसटली. तसेच वर आले. कळलंच नाही त्यांना! चप्पल मी उचलून आणली. रागानं रडूच आलं.

१६ फेब्रुवारी
खोटं बोलले. मी म्हटलं आईला फोन केला होता, ती म्हणाली मी सगळ्यांसारखीच डोक्याकडून जन्मले, पायाळू वगैरे काही नाही. माझ्या पायात काही नाही. खलास.

 हे म्हणाले, "मग मला बरं कसं वाटायचं?"

उसण आपली आपण उतरते, म्हटलं मी.

उठले, शर्ट घातला, दवाखान्याची फाईल मागितली. आईच्या नावावर मी खोटं बोलले. असू दे.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. नसेवर दाबलेला गादीचा तुकडा काढला. अर्बाब येऊन गेला. पोती बंद, काउंटरवर बस म्हणाला, इन्शाल्ला. त्या इन्शाल्लात होय की नाही, ते कुणाला कळलंय!

२४ फेब्रुवारी
अंगठा हलला. थोडासाच, पण वर गेला. मी म्हटलं नाटकं पुरे, झोपा आता. आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

२५ फेब्रुवारी
आईला फोन केला. खोटं कसं बोलले ते सांगितलं. म्हटलं चिडेल, मग हसेल.

तिकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला. 

मग हळूच म्हणाली, "आजीलासुद्धा मी कळू दिलं नाही. तुला कुणी सांगितलं?"