बारदान्याचा एक किलो

बाबा,

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपला प्रणित धानोऱ्याच्या रस्त्यावर, उतारावर सायकलवरून पडला. डोक्याला मार आहे. त्याला गडचिरोलीला नेलंय, मी तिकडेच निघाले. तुम्ही धानाच्या बांधीवर आहात, म्हणून लिहून ठेवते.

एक गोष्ट माझ्याकडूनच कळू दे. रविवारी धानाच्या काट्यावर त्याची माउंटन बाईक मीच पोत्यात घालून टांगली. तेरा किलो भरली. त्याच्यासोबत शर्यतीत उतरणाऱ्या स्वप्निलच्या बाईकचं छापील वजन बारा. दोघांची फ्रेम, गिअर, शॉकअप सारखेच, तरी एक किलो जास्त, म्हणून प्रणित बेचैन झाला.

तुम्ही विचारलं होतं, "वजनातून बारदाना कापला का वं?"

"सायकल हाये बाबा, धान नाई," म्हणून मी हसले.

तुम्ही म्हणत होतात तो बारदाना, पोतं आणि दोर, आज तोलले. एक किलो भरले.

शर्यतीआधी तेवढं वजन उतरवायला त्याने स्टँड काढला, मडगार्ड काढले, काल पुढचा ब्रेकही काढला. मी पाहिलं, बोलले नाही.

आई मार्कंड्याहून आली की आधी बसवा, मग सांगा. त्याचे कपडे आणि रेशनकार्ड घेऊन या.

साडेआठला फोन आला. तो अजून शुद्धीवर आलेला नाही.

नीलिमा